इचिरो सुझुकी : लंबक, ५१ नंबर आणि ४३६७ हिट्स

राइटफिल्ड (धागाकर्ता)

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमचं (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीचं) मतदान झालं, त्यात जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकीला ३९४ पैकी ३९३ मतं पडली. त्याआधी पाचच दिवस जपानच्या हॉल ऑफ फेममध्येही त्याची निवड झाली होती. ते एक मत कुणाचं राहिलं यावर आठवडाभर चर्चा रंगली, पण हा माणूस नेमका खेळायचा कसा याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. म्हणून हा धागा. आकडे, तंत्र, बॅट, वाद, सगळं येऊ द्या.

सुरुवात माझ्याकडून. जन्म २२ ऑक्टोबर १९७३. वाढला नागोयाजवळच्या तोयोयामा गावात, आइची प्रांतात. मूळचा उजखोरा, वडिलांनी लहानपणीच डाव्या बाजूने बॅटिंग करायला लावलं, कारण डाव्या बाजूचा बॅटर पहिल्या बेसच्या (चेंडू मारल्यावर धावत गाठायच्या पहिल्या टप्प्याच्या) दोन पावलं जवळ असतो. ही दोन पावलं लक्षात ठेवा, सगळी कारकीर्द त्यांच्यावर उभी आहे. फेकी मात्र कायम उजव्या हातानेच.

शाळा नागोयातली आइकोदाई मेइदेन. तिथे तो पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) होता. कोशिएनच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत दोनदा गेला, १९९० चा उन्हाळा आणि १९९१ चा वसंत, आणि दोन्ही वेळा संघ पहिल्याच सामन्यात बाहेर. अंगकाठी बारीक. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांमध्ये) ओरिक्स ब्लूवेव्ह संघाने त्याला घेतलं ते थेट चौथ्या फेरीत. म्हणजे त्या संघाच्या लेखी त्या वर्षी त्याच्यापेक्षा महत्त्वाची तीन पोरं होती.

पहिली दोन वर्षं वर-खाली करण्यात गेली. १९९२ मध्ये मुख्य संघात ४० सामने, १९९३ मध्ये ४३. दुसऱ्या संघात मात्र १९९२ सालीच ०.३६६ सरासरीने वेस्टर्न लीगचा बॅटिंग किताब. १२ जून १९९३ ला नागाओकाच्या मैदानावर मुख्य संघातला पहिला होमरन (मैदानाबाहेर मारलेला फटका) मारला, तोही नामवंत पिचर नोमो हिदेओला. तरी त्या हंगामाअखेर मुख्य संघातली सरासरी ०.१८८. मॅनेजर दोई शोझो यांना त्याची बॅटिंगची ढब पटत नव्हती.

पार्ट_टाइम_अंपायर

धागा आवडला. पण मी क्रिकेटवाला, त्यामुळे आधी मुळातच अडलो. सरासरी ०.३५० म्हणजे शंभरात पस्तीस वेळा यश. मग पासष्ट वेळा आउट होणाऱ्या माणसाला एवढं डोक्यावर का घेतात? आणि 'हिट' म्हणजे बॅटला लागलेला प्रत्येक चेंडू का?

चौथा_बेस

नाही. बॅटला चेंडू लागला आणि बॅटर क्षेत्ररक्षकाच्या चुकीशिवाय बेसवर सुखरूप पोचला, तर ती हिट. झेल सुटला किंवा फेकी भलतीकडे गेली म्हणून पोचला तर ती 'एरर', हिट धरत नाहीत. कुठली हिट, कुठली एरर, हे मैदानावरचा अधिकृत स्कोअरर ठरवतो.

सरासरी = हिट्स भागिले 'अ‍ॅट बॅट'. चार चेंडू झोनबाहेर (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेर) पडून मिळालेला वॉक, अंगाला चेंडू लागणं, सहकाऱ्याला पुढे सरकवण्यासाठी स्वतःची विकेट देणारा सॅक्रिफाइस, हे अ‍ॅट बॅटमध्ये धरत नाहीत. इचिरो अमेरिकेत गेला त्या काळात तिथल्या लीगची एकूण सरासरी ०.२६० ते ०.२७० होती. ०.३०० वाला उत्तम, ०.३५० वाला क्वचित दिसणारा.

कारण साधं आहे. पिचरच्या उंचवट्यापासून होम प्लेटपर्यंत १८.४४ मीटर. चेंडू हातातून सुटतो तो आणखी पुढे येऊन. १४५ किमी वेगाचा चेंडू ०.४ सेकंदाच्या आसपास पोचतो, टप्पा नाही, बॅट गोल, आणि नव्वद अंशांच्या पट्ट्यात मारायचा. तुमच्याकडे ३६० अंशांचं मैदान असतं, लेट कट आणि लेग ग्लान्स असतो. इथे मागे गेला तो फाउल.

पार्ट_टाइम_अंपायर

समजलं, धन्यवाद. आता तो 'लंबक' काय ते सांगा.

डावखुरा

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी 'पाय झुलवायचा' एवढ्यावर भागवतात.

जपानीत 'फुरिको दाहो', म्हणजे लंबकासारखी बॅटिंग. ओरिक्सच्या दुसऱ्या संघाचे बॅटिंग कोच कावामुरा केनइचिरो यांच्याबरोबर त्याने ती बसवली. इचिरो डाव्या बाजूला उभा, म्हणजे उजवा पाय पिचरच्या बाजूला. पिचरने पाय उचलला की हा उजवा पाय गुडघ्यात वाकवून मागे, जवळजवळ डाव्या पायापर्यंत आणायचा आणि मग पिचरच्या दिशेने झुलवत पुढे टाकायचा. त्याबरोबर कंबर आणि धड पुढे सरकतात. नेहमीचं शिक्षण याच्या बरोबर उलट आहे: वजन मागच्या पायावर धरा, त्या खांबाभोवती फिरा. इचिरोचा खांबच मागच्या पायावरून पुढच्या पायावर यायचा. चेंडू बॅटला लागतो त्या क्षणाची छायाचित्रं पाहा, कित्येकदा मागचा पाय जमिनीला टेकलेलाच नसतो.

खरी मेख हातांत आहे. शरीर पुढे गेलं तरी दोन्ही हात डाव्या खांद्याजवळ मागेच राहतात. धड आणि हात यांच्यात धनुष्याच्या दोरीसारखा ताण तयार होतो. चेंडू संथ निघाला, अपेक्षेपेक्षा खाली वळला, तरी शरीर गेलेलं असताना हात अजून शिल्लक असतात. म्हणून तो पुढे ओढला गेल्यासारखा दिसायचा आणि तरी शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) डोक्यावरून चेंडू टाकायचा. दुसरा फायदा पळण्याचा. वजन आधीच पुढच्या पायावर, त्यामुळे बॅट फिरून होते न होते तोच डावा पाय पहिल्या बेसकडे पडलेला. बॅटिंग संपवून पळायला लागणं, असे दोन भाग त्याच्याकडे नव्हतेच.

नक्कल करणारे कुठे फसतात?

डोकं शरीराबरोबर पुढे जातं. डोळे हलले की चेंडूचा वेग चुकीचा जाणवतो. इचिरोचं डोकं पुढे सरकायचं, पण वर-खाली होत नसे.

हात शरीराबरोबर जातात. मग ताण संपला, उरतो तो दुसऱ्या बेसकडे जाणारा मऊ ग्राउंडर (जमिनीलगत जाणारा चेंडू).

पुढचा पाय लवकर पडतो. चेंज-अप (वेगवान भासवून टाकलेला संथ चेंडू) आला की माणूस आधीच संपलेला. आणि पाय उशिरा पडला तर अंगाजवळचा वेगवान चेंडू थेट मुठीजवळ लागतो. पाय मोठा उचलायचा म्हणजे पिचरच्या लयीशी घट्ट बांधून घेणं. पिचरने लय बदलली की सगळं कोसळतं. पुढे अमेरिकेत जाताना नेमकी हीच अडचण आली.

गुणफलक

+१. हातांबद्दलचं अगदी खरं.

पण दोईंबद्दल एक सांगतो. सगळीकडे त्यांना 'इचिरोला ओळखू न शकलेला मॅनेजर' म्हणून खलनायक करतात, ते अन्यायाचं आहे. दोई स्वतः योमिउरी जायंट्सच्या सलग नऊ विजेतेपदं मिळवणाऱ्या संघाचे सेकंड बेसमन. त्या शाळेत शिस्त आणि पाया आधी. वर डावखुऱ्याने लिहिलेले सगळे धोके अठरा-एकोणीस वर्षांच्या, बारीक अंगाच्या पोरात दिसत असताना कुठलाही मॅनेजर 'हे बदल' असंच म्हणेल. उलट इचिरोने मुख्य संघाची जागा जात असतानाही ढब बदलायला नकार दिला, हे जास्त विलक्षण आहे. दुसऱ्या संघात राहून कावामुरांबरोबर तेच तंत्र घोटत बसला.

राइटफिल्ड

मान्य. आणि १९९४ मध्ये ओगी आकिरा मॅनेजर म्हणून आले, तेव्हा त्यांना हे तयार मिळालं. ओगींनी दोन गोष्टी केल्या: त्याला रोज खेळवलं आणि नाव बदललं. सुझुकी हे जपानमधलं अगदी सर्रास आडनाव, म्हणून पाठीवर आडनावाऐवजी 'इचिरो' एवढंच, तेही काताकाना लिपीत. अधिकृत नोंदणीच तशी केली.

त्या वर्षी १३० सामन्यांत २१० हिट्स. जपानमध्ये एका हंगामात दोनशे हिट्स त्याआधी कुणीच केल्या नव्हत्या; जुना विक्रम १९५० पासूनचा फुजिमुरा फुमिओचा, १९१. सरासरी ०.३८५. सलग ६९ सामन्यांत किमान एकदा बेसवर पोचला. तिथून २००० पर्यंत सलग सात वर्षं बॅटिंग किताब, शेवटच्या वर्षी ०.३८७. पहिली तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

१९९५ वेगळं. १७ जानेवारीला कोबेचा भूकंप, सहा हजारांहून जास्त माणसं गेली. ओरिक्सचं मैदान कोबेतच. घरचे सामने दुसरीकडे हलवायची चर्चा असताना संघ कोबेत राहिला, बाहीवर 'गांबारो कोबे', म्हणजे 'धीर धर, कोबे' अशी पट्टी लावून खेळला आणि पॅसिफिक लीग जिंकला. इचिरोचं ते जपानमधलं सर्वांत परिपूर्ण वर्ष: ०.३४२, २५ होमरन, ८० आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेल्या धावा), ४९ चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेले). होमरनमध्ये अव्वल आलेल्या कोकुबोपेक्षा तीनच कमी. जपान सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) मात्र याकुल्टने ४-१ ने घेतली. ती कसर १९९६ मध्ये जायंट्सना ४-१ ने हरवून भरून काढली.

मैदानवेडी

१९९७ चा एक विक्रम कुणी सांगत नाही म्हणून: सलग २१६ वेळा बॅटिंगला येऊन एकदाही स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन बाद) नाही. जपानमधला विक्रम.

आणि क्रिकेटवाल्यांसाठी खास: बेसबॉलमध्ये पिचरचा चेंडू जमिनीवर टप्पा पडून आला तरी मारता येतो, चेंडू जिवंत असतो. मारत कुणी नाही, कारण तो झोनच्या कितीतरी खाली असतो आणि सोडला तर 'बॉल' मिळतो. इचिरोने २००० साली लोट्टेविरुद्ध असा टप्पा पडलेला चेंडू मारून हिट मिळवली होती. याचं कौतुक करताना दुसरी बाजूही लक्षात ठेवा. झोनबाहेरचे चेंडू मारता येतात म्हणून तो मारायचा, त्यामुळे वॉक कमी.

पार्ट_टाइम_अंपायर

अरे वा! मग अमेरिकेत जायला त्याला इतकी वर्षं का लागली?

चौथा_बेस

करार. जपानमध्ये तेव्हा मुख्य संघातली ठरावीक नऊ वर्षांची नोंदणी भरल्याशिवाय खेळाडू मुक्त होत नसे. १९९८ मध्ये दोन्ही देशांच्या लीगनी 'पोस्टिंग' पद्धत ठरवली: जपानी संघाने खेळाडू पुढे करायचा, अमेरिकी संघांनी बंद लिफाफ्यात बोली लावायची, सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला तीस दिवस एकट्याने वाटाघाटीचा हक्क. बोलीची रक्कम जपानी संघाला, खेळाडूचा पगार वेगळा. इचिरो मुक्त व्हायला एक वर्ष उरलं होतं. पुढच्या वर्षी फुकट सोडण्यापेक्षा ओरिक्सने नोव्हेंबर २००० मध्ये पोस्ट केला. सिएटल मरिनर्सची बोली १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलर, शिवाय त्याच्याशी तीन वर्षांचा साधारण १ कोटी ४० लाखांचा करार.

तोपर्यंत अमेरिकेत गेलेले जपानी खेळाडू सगळे पिचर. बॅटर म्हणून हा पहिला. न्यूयॉर्क मेट्सचा शिंजो त्याच्या एक दिवस मागे. इचिरोचा जर्सी नंबर ५१ त्याआधी सिएटलमध्ये पिचर रँडी जॉन्सनचा होता.

डावखुरा

तंत्राचं इथे जोडतो. लोक म्हणतात 'अमेरिकेत जाऊन लंबक सोडला'. बदल आधीच सुरू झाला होता. एप्रिल १९९९ मध्ये सेइबूच्या निशिझाकीविरुद्ध तो दुसऱ्या बेसकडे साधा ग्राउंडर मारून आउट झाला, आणि आपल्या बॅटिंगची नेमकी जाण त्याच आउटमध्ये सापडली असं त्याने नंतर सांगितलं आहे. कल्पनेतला चेंडूचा मार्ग आणि प्रत्यक्षातला मार्ग यांत फरक कुठे पडतो ते त्याला कळलं. मारलेल्या हिटपेक्षा एका आउटने जास्त शिकवलं, हे बॅटिंग कोचने भिंतीवर लावण्यासारखं आहे.

पाय उचलणं तिथून कमी होत गेलं. अमेरिकी पिचरांची हालचाल आखूड आणि झटपट, जपानी पिचरांसारखा मध्ये थांबा नाही. शिवाय सरळ वाटणारा चेंडू शेवटच्या दोन-तीन मीटरांत सरकतो: टू-सीम, कटर. मोठा पाय उचलून उशिरा टेकवला की मुठीवर लागणारच. २००१ मधली त्याची ढब पाहा, पाय जमिनीलगत सरकवल्यासारखा. वजन पुढे नेणं आणि हात मागे ठेवणं मात्र तसंच. म्हणजे झुलणारा पाय गेला, लंबकातलं मर्म राहिलं.

सराव सामन्यांत तो सगळं डाव्या मैदानाकडेच ढकलतोय म्हणून मॅनेजर लू पिनेला काळजीत होते. ओढून मारता येतं का, असं विचारल्यावर त्याने उजवीकडे होमरन मारून दाखवला. तोवर तो चेंडू उशिरापर्यंत पाहायचा सराव करत होता.

गुणफलक

२००१ चे आकडे: २४२ हिट्स, ०.३५०, ५६ चोरलेले बेस. पदार्पणातला सर्वोत्तम आणि लीगचा सर्वोत्तम, दोन्ही एकाच वर्षी. त्याआधी हे १९७५ मध्ये एकट्या फ्रेड लिनने केलं होतं. मरिनर्स ११६ सामने जिंकले, हा १९०६ च्या शिकागो कब्ज संघाशी बरोबरीचा विक्रम. मात्र लीगच्या अंतिम फेरीत यांकीजकडून हरले.

मैदानवेडी

आकडे राहू द्या, ११ एप्रिल २००१ ची फेकी बघा. ओकलंडचं मैदान, आठवी इनिंग (सामन्यात साधारण नऊ असतात). टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर. हर्नांडेझ उजव्या मैदानात सिंगल (एका बेसची हिट; दोनची डबल, तीनची ट्रिपल) मारतो. अशा सिंगलवर पहिल्या बेसवरचा धावणारा तिसरा बेस गाठतोच, कारण उजव्या मैदानातून तिसरा बेस सर्वांत लांब. लाँग चांगला पळतोही.

इचिरो चेंडूवर धावत येतो, थांबून उचलत नाही. शेवटची दोन पावलं आखूड करतो, चेंडू ग्लोव्हमध्ये येतो तेव्हा त्याचा डावा पाय पुढे असतो, म्हणजे पुढच्याच उडीत उजवा पाय रोवून फेकता येतं. मध्ये एकही फुकटचं पाऊल नाही. साधारण साठ मीटरांवरून चेंडू एकही टप्पा न पडता, छातीच्याही खालच्या उंचीवरून तिसऱ्या बेसवर डेव्हिड बेलच्या हातात. बेलला ग्लोव्ह हलवावा लागला नाही. लाँग घसरत आला तो तयार टॅगमध्ये (चेंडू अंगाला लावून आउट).

आपल्याकडे डीप मिडविकेटवरून थेट स्टंपवर फेकी बसते तेव्हा ती बहुधा एका टप्प्यावर असते. ही सपाट होती. शाळेत पिचर होता, त्याचा हात इथे दिसतो. पुढे त्याच्यासमोर धावायचं धाडसच लोक कमी करू लागले, आणि ते कुठल्या स्कोअरकार्डात दिसत नाही. गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) सलग दहा वर्षं, २००१ ते २०१०.

स्ट्राइक_झोन

इतक्या कौतुकात एक विरोधी सूर लावतो. इचिरोच्या हिट्स बहुतेक सिंगल्स. २००४ मध्ये २६२ हिट्सचा विक्रम केला, त्यात २२५ सिंगल, २४ डबल, ५ ट्रिपल, ८ होमरन. वॉक ४९. आज संघ बेसवर पोचण्याचं प्रमाण आणि फटक्याची ताकद मोजतात, त्या हिशेबात तो होमरनसाठी गाजलेल्या बॅरी बाँड्सच्या जवळपासही नाही. बेसवर इतर खेळाडू असताना सिंगल आणि वॉक सारखे नसतात हे मान्य, पण बेस रिकामे असताना सिंगल म्हणजे वॉकच. तो लीडऑफ (पहिल्या क्रमांकाचा बॅटर), म्हणजे बऱ्याचदा बेस रिकामेच.

गुणफलक

मुद्दा योग्य आहे, पण पूर्ण हिशेब मांडा. २००४ मध्ये त्याचं बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.४१४ होतं. वॉक कमी असूनही. मग वर बेस चोरणं: २००६ मध्ये ४७ प्रयत्नांत ४५ यशस्वी. सिंगल आणि चोरी मिळून डबल होतो. वर मैदानवेडी यांनी सांगितलेली क्षेत्ररक्षणाची किंमत. हे सगळं धरलं तर तो नुसता सिंगल मारणारा राहत नाही. बाँड्सशी तुलना मलाही करायची नाही, ते खेळाडूच वेगळ्या जातीचे.

चौथा_बेस

इनफिल्ड हिटचा (चेंडू बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांपलीकडे न जाता धावून मिळवलेल्या हिटचा) परिणाम स्ट्राइक_झोन यांनी धरलेला नाही. होम ते पहिला बेस २७.४३ मीटर. सर्वसाधारण खेळाडूला ४.३ सेकंदांच्या आसपास लागतात. इचिरो डाव्या बाजूने ३.७ च्या घरात. शॉर्टस्टॉपला हे माहीत असतं. म्हणून तो नेहमीच्या जागेपेक्षा दोन पावलं पुढे येतो, चेंडू घाईत उचलतो, घाईत फेकतो. पुढे आला की त्याच्या दोन्ही बाजूंचा पल्ला कमी होतो आणि जो ग्राउंडर एरवी हातात आला असता तो गॅपमधून बाहेर जातो. म्हणजे वेगामुळे नुसत्या धावून मिळवलेल्या हिट्स वाढल्या असं नाही, नीट मारलेल्या चेंडूंनाही जागा मिळाली. त्याच्या बॅटमधून सुटलेला मऊ ग्राउंडर आणि दुसऱ्या कुणाचा तसाच ग्राउंडर, यांची किंमत एक नाही.

राइटफिल्ड

२००४ निघालंच आहे तर: जॉर्ज सिस्लरचा १९२० मधला विक्रम २५७. १ ऑक्टोबर २००४, सिएटल, समोर टेक्सस. पहिल्या इनिंगमध्ये डाव्या बाजूला सिंगल, बरोबरी. तिसऱ्या इनिंगमध्ये रायन ड्रीसच्या चेंडूवर मधून सिंगल, २५८. सिस्लरची मुलगी स्टँडमध्ये होती, इचिरो धावत जाऊन तिला भेटला. २००९ मध्ये ऑल-स्टार सामन्यासाठी सेंट लुइसला गेला तेव्हा सिस्लरच्या कबरीवरही जाऊन आला.

सिस्लरने १५४ सामन्यांच्या हंगामात केलं आणि इचिरोचा विक्रम संघाच्या १६० व्या सामन्यात झाला, हा आक्षेप तेव्हाही होता. तो नोंदवून ठेवावा, त्याने विक्रम लहान होत नाही.

पार्ट_टाइम_अंपायर

बॅटबद्दल कुणीतरी लिहा ना. क्रिकेटमध्ये बॅटच्या वजनावर पानंच्या पानं लिहिली जातात.

डावखुरा

मिझुनो कंपनीची बॅट, गिफू प्रांतातल्या योरो इथल्या कारखान्यात कुबोता इसोकाझू या कारागिराने वळवलेली. लांबी ३३.५ इंच, म्हणजे ८५ सेंटीमीटर. वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. सर्वांत जाड जागी व्यास ६०.९ मिलिमीटर, म्हणजे बारीक. मूळ साचा जायंट्सच्या शिनोझुकाच्या बॅटवरून घेतलेला.

बारीक बॅटचा तोटा उघड आहे: चेंडू लागायची जागा लहान, थोडं चुकलं की फाउल किंवा पॉप-अप (उंच उडालेला सोपा झेल). फायदा असा की जिथे लागू नये तिथे चेंडू अर्धवट लागत नाही, बॅट हलकी फिरते आणि टोकाचा भार कमी असल्यामुळे हात शेवटपर्यंत मागे धरता येतात. त्याच्या तंत्राला हीच बॅट हवी होती. मोठे फटके मारणाऱ्याला ती दिली तर त्याचे होमरन कमी होतील.

लाकूड आओदामो, होक्काइदोतलं. ॲशच्या कुळातलं, पण लवचीक. वाढ फार संथ, बॅटजोगा बुंधा व्हायला सत्तर-ऐंशी वर्षं लागतात. लागवड झाली नाही म्हणून आता चांगलं लाकूड दुर्मिळ. आणि लाकूड ओल शोषतं. दमट हवेत उघडी टाकलेली बॅट काही ग्रॅमनी जड होते, पृष्ठभाग मऊ पडतो, फटक्याचा आवाजही बदलतो. म्हणून तो बॅटी ओल शोषणारी सोय असलेल्या बंद पेटीत ठेवायचा. डगआउटमध्ये इतरांच्या बॅटी रॅकमध्ये, याची पेटीत. बॅट आपटणं, फेकणं नाही.

स्ट्राइक_झोन

आता खरा वाद. ४३६७. जपानमधल्या १२७८ आणि अमेरिकेतल्या ३०८९ यांची बेरीज. जून २०१६ मध्ये सॅन दिएगोत ४२५७ वी हिट झाली तेव्हा पीट रोझचा ४२५६ चा विक्रम मोडला अशा बातम्या आल्या. दोन लीगची बेरीज कशी चालेल? जपानमधली पिचिंगची पातळी वेगळी. रोझच्या छोट्या लीगमधल्या हिट्सही मग धरायला हव्यात.

गुणफलक

अधिकृत विक्रम रोझचाच आहे, तो तसाच राहावा. पण छोट्या लीगशी तुलना चुकीची. जपानची ती सर्वोच्च लीग, तिथे कुणी 'वर जाण्यासाठी' खेळत नाही.

आणि हिशेब दुसऱ्या बाजूनेही करा. जपानमध्ये ९५१ सामन्यांत १२७८, सामन्याला १.३४. अमेरिकेतल्या पहिल्या दहा वर्षांत २२४४ हिट्स, म्हणजे वर्षाला २२४. सलग दहा वर्षं दोनशेच्या वर. जपानचा हंगाम १३०-१३५ सामन्यांचा, अमेरिकेचा १६२ चा. तो सत्ताविसाव्या वर्षी अमेरिकेत आला. जपानमधली ती नऊ वर्षं त्याला हिट्सच्या संख्येत फायद्याची नव्हती, उलट सामने कमी मिळाले. बेरीज विक्रम म्हणून लिहू नका, पण 'फुगवलेली' म्हणणंही बरोबर नाही. एकट्या अमेरिकेतल्या ३०८९ पुरेशा बोलक्या आहेत. तीन हजारावी ७ ऑगस्ट २०१६ ला, मायामी मार्लिन्सकडून कोलोरॅडोत, ट्रिपल.

मैदानवेडी

२००९ ची वर्ल्ड बेसबॉल क्लासिक (देशांच्या संघांची जागतिक स्पर्धा) राहिली! अंतिम सामना, २३ मार्च, डॉजर स्टेडियम, कोरियाविरुद्ध ३-३, दहावी इनिंग. दोन आउट, उचिकावा तिसऱ्या बेसवर, इवामुरा दुसऱ्यावर, पहिला बेस रिकामा. इथे कोरियाने त्याला मुद्दाम वॉक द्यायला हवा होता, कारण पहिला बेस भरला तर तोटा काहीच नाही, उलट फोर्स आउट (टॅग न करता नुसत्या बेसला पाय लावून आउट) मिळतो. पण स्पर्धाभर त्याची बॅट थंड होती, आणि त्यांनी लिम चांग-योंगला टाकायला लावलं. इचिरो फाउलवर फाउल काढत राहिला. आठव्या चेंडूवर मधून सिंगल, दोन धावा, ५-३. त्या सामन्यात सहापैकी चार हिट्स.

त्याची किंमतही मोजली: लगेच पोटात रक्तस्राव करणारा अल्सर निघाला आणि मरिनर्सचे पहिले आठ सामने हुकले. तरी त्या वर्षी २२५ हिट्स.

पार्ट_टाइम_अंपायर

धागा संग्रही ठेवला. शेवट कसा झाला त्याच्या कारकिर्दीचा?

राइटफिल्ड

२०११ मध्ये १८४ हिट्स, ०.२७२, दहा वर्षांची साखळी तुटली. बॅटचा वेग किती उतरला यावर मतं वेगळी, पण पहिला फटका पायांना बसला: ३.७ चे ३.९ झाले की शॉर्टस्टॉप आपल्या जागी परत जातो आणि चौथा_बेस यांनी सांगितलेला सगळा फायदा मागे घेतला जातो. जुलै २०१२ मध्ये यांकीजकडे, मग मार्लिन्स, २०१८ मध्ये परत सिएटल. त्या मे महिन्यात त्याला खेळाडूंच्या यादीतून काढून सल्लागाराचं पद दिलं, तरी तो रोज संघाबरोबर सराव करत राहिला.

मार्च २०१९ मध्ये मरिनर्सचे हंगामातले पहिले दोन सामने टोकियो डोममध्ये ओकलंडविरुद्ध होते. २१ तारखेचा दुसरा त्याचा शेवटचा. वय ४५. आठव्या इनिंगमध्ये शेवटची बॅटिंग: चेंडू संथ घरंगळत शॉर्टस्टॉपकडे गेला, मार्कस सेमियनने पुढे येत उचलून फेकला. इचिरो पहिल्या बेसपर्यंत पूर्ण ताकदीने धावला. एका पावलाहूनही कमी अंतराने आउट. दहा वर्षांपूर्वी हाच चेंडू हिट होता.